खडूवरचे दात

खडू फळ्याखालच्या पट्टीवर आडवा पडला होता. त्याचं एक टोक लिहून तिरकं झिजलेलं होतं. दुसऱ्या टोकापाशी, बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर, खाचा होत्या. वरून रुंद, खालून अरुंद, एकमेकींच्या समोरासमोर. मी तो उचलला. खाचांपाशी खडू ओलसर होता.

उंदीर कुरतडतो, तो खडू असा धरून ठेवत नाही. हे माणसाचे दात होते.

फळ्यावर लिहिलं होतं, ‘आज तास होणार नाही.’ अक्षरं मोठी, उतरती, थरथरती. जणू लिहिणाऱ्याला आपण काय लिहितोय ते दिसतच नव्हतं.

मी त्या बेटावर नवीन होते. राजधानीत वाढले, न्यूझीलंडला जाऊन मातीचं शास्त्र शिकले आणि टोंगाच्या या पार टोकाच्या बेटावर, एका लहानशा कॉलेजात, माती तपासायची प्रयोगशाळा सांभाळायला आले. माझ्या खोलीला लागूनच जमीनमोजणीचा वर्ग होता. मध्ये लाकडी भिंत, आणि भिंतीच्या वर, छपराखाली, हात जाईल एवढी फट. त्या फटीतून मला शेजारचं सगळं ऐकू यायचं. म्हणजे काहीच नाही. कारण मोजणी शिकवणारे केलेपी सर तासाला नसायचेच.

मुलं मात्र यायची. आसपासच्या छोट्या बेटांवरून पहाटेच्या बोटीने, चपला हातात घेऊन, गुडघाभर पाण्यातून. फळा वाचायची आणि काही न बोलता पुन्हा धक्क्याकडे निघायची. चिडायचीसुद्धा नाहीत. मला तेच विचित्र वाटायचं.

मी ऑफिसात जाऊन पिसिलाला सांगितलं. पिसिला म्हणजे आमचं ऑफिस. टाइप तीच करायची, किल्ल्या तिच्याकडेच, आणि मधल्या सुट्टीत केके, म्हणजे पिठाचे गोड गोळे, तळून विकायचीही तीच.

“अक्षर कसं होतं?” तिने विचारलं.

“म्हणजे?”

“सरळ की वाकडं?”

“वाकडं.”

“मग झालं.” ती पुन्हा टाइप करायला लागली. “वाकडं असलं की माणूस गेलेला असतो. सरळ असलं तर अजून जायचा असतो.”

मी हसले. ती हसली नाही.

“मोठे सरदार गेले ना आत्ता? त्याच्या आदल्याच दिवशी फळ्यावर छान सरळ अक्षरात होतं, आज तास होणार नाही. त्यांचा भाऊ गेला तेव्हाही तसंच. बाई गं, आमच्याकडे चर्चची घंटा मागाहून वाजते. आधी केलेपीचा तास रद्द होतो.”

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले. रात्रीचा पाऊस थांबलेला नव्हता, नुसता बारीक झाला होता. आवारातल्या सुरूच्या झाडांवर मोठाली वटवाघळं ओल्या कपड्यांसारखी लटकत होती. मी दिवा लावला नाही. नळ्यांत माती भरत बसले, आणि... वरच्या फटीतून आवाज आला.

खडूचा आवाज मला ओळखता येतो. हाताने लिहिताना तो टकटक करतो, मध्ये उचलला जातो. हा आवाज उचलला जात नव्हता. घासत, ओढत, लांबच लांब चालला होता. आणि त्याच्यासोबत कुणाचातरी श्वास.

मग थांबला. थोड्या वेळाने दारावर धप्प. पुन्हा धप्प. आतून.

मी बाहेर आले, वर्गाच्या दाराची मूठ फिरवली आणि दार ओढलं.

माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर एक उंच माणूस उभा होता. तोंडात खडू. दोन्ही हात छातीसमोर उचललेले, आणि बोटांपासून कोपरापर्यंत झाडाच्या सालीच्या तपकिरी कापडात गुंडाळलेले. कमरेला सुतकाची फाटकी चटई. डोळे माझ्यावर.

मी ओरडले नाही. हातातली काचेची नळी तेवढी खाली पडून फुटली.

तो मागे वळला, वाकला, खडू दातांनीच पट्टीवर अगदी नीट ठेवला आणि म्हणाला, “माफ करा हं. वाऱ्याने दार लागलं. मला... उघडता येत नाही.”

“हात...?”

“हातांना काही झालेलं नाही. वापरायचे नाहीत, एवढंच.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. निमा तापु. पवित्र हात. राजाच्या अंत्यविधीच्या वेळी लहानपणी ऐकलं होतं. मृत राजाला जे हात न्हाऊ घालतात, त्यांनी पुढे कित्येक दिवस कशालाच शिवायचं नाही, स्वतःच्या घासालाही नाही; थडग्यांमागच्या झोपडीत वेगळं राहायचं. इथल्या सरदारांच्या घराण्यालाही असे हात असणार, हे ओघानंच आलं. पण त्या हातांचा माणूस कॉलेजात जमिनीची मोजणी शिकवत असेल, हे मात्र माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“मग तुम्ही थडग्यांमागच्या झोपडीत असायला हवं ना?” मी म्हणाले.

“हवं.”

“आणि?”

“मुलं बोटीने येतात. निरोप्या पाठवला तर तो वाटेत मावशीकडे चहाला बसतो आणि दुपारी पोचतो. टेलिफोन ऑफिसात, आणि पिसिला उघडते नऊला. मग मीच येतो.” तो थोडा थांबला. “झोपडीतून बाहेर पडू नये असं नाही. पडताना कुणी बघू नये, असं आहे.”

“मी तर बघितलं.”

“तुम्ही डोळे मिटा. मी जातो.”

मी मिटले नाहीत. त्याच्या केसांतून पाणी ओघळून भुवईवर आलं होतं. एक थेंब पापणीवर येऊन अडकला. त्याने डोळा मिचकावला, मान हलवली. थेंब पडेना. आपण असा थेंब दिवसातून किती वेळा पुसतो, आपल्याला कळतही नाही. त्याचे हात तसेच हवेत, आणि चेहऱ्यावर एक असहाय हसू...

मी रुमाल काढला आणि थेंब पुसला.

“मालो,” आभार मानत तो हळूच म्हणाला.

“ओठालाही खडू लागलाय.”

“तो राहू द्या. नाहीतर उद्या पुसायला काय उरेल?”

असं बोलून तो स्वतःच इतका लाजला की दाराच्या चौकटीला खांदा आपटून घेतला. मग सुरूच्या झाडांमधून निघून गेला. ओल्या फांद्या तोंडावर येत होत्या आणि त्या तो मानेनं बाजूला सारत होता.

त्यानंतर मी रोज लवकर जाऊ लागले. मातीतला ओलावा पहाटे मोजलेला बरा, असं मी पिसिलाला सांगितलं. ते खोटं नव्हतं.

तो लिहायचा, मी दार धरून उभी राहायचे. मग थोडं बोलायचो.

“भीती नाही वाटत?” मी एकदा विचारलं. “मेलेल्या माणसाची?”

“मेलेल्या माणसाचा हात फार जड असतो,” तो म्हणाला. “पण धुताना एक क्षण येतो... तो हलका होतो. आपण धरलंय हे त्याला कळलं, असं वाटतं. वडील हेच करायचे, त्यांचे वडीलही. आता काका थकलेत. त्यांची चटई मी घ्यावी म्हणतात. पवित्र हातांचा मुख्य.”

“घेणार?”

“मला ते काम आवडतं, आकेसा. मोजणीपेक्षाही जास्त... बहुतेक.”

“आणि ही बोटीने येणारी मुलं?”

तो फळ्यावरच्या वाकड्या अक्षरांकडे बघत राहिला. “बघू,” म्हणाला.

हा त्याचा लाडका शब्द होता, हे मला पुढे कळायचं होतं.

मग ती सकाळ आली. दोन सरींच्या मधलं लख्ख ऊन पडलं होतं. मी पिसिलाकडून गरम केके घेऊन निघाले, तर केलेपी सुरूखालच्या बाकावर बसलेला. दिवसाउजेडी, आवाराच्या मधोमध. हात कापडात, मांडीवर ठेवलेले.

“अजून?” हातांकडे बघत मी विचारलं.

तो केकेकडे बघत होता.

“भूक लागलीय?”

“कधीपासून.”

मी एक तुकडा तोडून त्याच्या तोंडासमोर धरला. माझ्या बोटांना दात लागू नयेत म्हणून तो फार जपून खात होता. शेवटच्या घासाला मात्र ओठ लागले... बहुधा चुकून. त्याच्या हातांवरच्या कापडाची कड तेलाने ओली आणि काळपट झाली होती. तेलाला चंदनाचा वास होता. मी ते टिपलं. सगळंच टिपायची मला सवय आहे. त्याचा अर्थ मात्र लावला नाही. त्या क्षणी मी अर्थ लावायच्या मनःस्थितीत नव्हते.

वर एका वटवाघळाने पंख पसरला आणि मिटला. माझ्या पाठीमागे वर्गांच्या खिडक्यांतला गोंगाट एकदम बंद झाला.

“काय करून बसलीस!” पिसिलाने मला ऑफिसात ओढून दार लावलं.

“त्यांना भूक लागली होती.”

“अगं, पवित्र हातांच्या माणसाला आमच्या बेटावर आई भरवते, आत्या भरवते, नाहीतर बहीण भरवते. आई त्याची कधीच गेली. आत्या तू दिसत नाहीस.”

“मग?”

“मग काय! अभिनंदन. भाऊ मिळाला.”

मी हसले. पिसिला याही वेळी हसली नाही.

टोंगात भाऊ-बहीण मोठी झाली की एका खोलीत बसत नाहीत. एकमेकांदेखत थट्टा करत नाहीत, ऐकतही नाहीत. हे मी जन्मापासून पाळत आले होते, चुलत-मावस सगळ्या भावांशी. पण भरवण्याने बहीण होते हा या बेटाचा नियम मला ठाऊक नव्हता, आणि नियमाला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

त्या दिवसापासून मी रिकाम्या होत जाणाऱ्या खोल्यांत वावरू लागले. शिक्षकांच्या खोलीत गेले की खुर्ची उबदार असायची, कपातून वाफ निघत असायची आणि माणूस नसायचा. व्हरांड्यात मी आले की मुलं कुजबुजत बाजूला व्हायची आणि पलीकडचं एखादं दार अलगद लागायचं. कुणी विनोद सांगत असलं तर मला बघून अर्ध्यावर थांबायचं. जणू या कॉलेजात एक मेलेलं माणूस फिरत होतं. ते तो होता की मी, हे ठरत नव्हतं.

मग एका दुपारी, पावसात, वरच्या फटीतून आवाज आला.

“आकेसा.”

मी नळी खाली ठेवली. शेजारचा वर्ग सुटून बराच वेळ झाला होता.

“एका खोलीत बसायचं नाही,” आवाज म्हणाला, “भिंतीचं कुणी काही बोललेलं नाही.”

“भावाने बहिणीशी असं चोरून बोलावं का, केलेपी सर?”

“सर म्हणू नकोस.”

“मग? दादा म्हणू?”

भिंतीपलीकडून दुखावलेला आवाज: “त्यापेक्षा सर बरं.”

मी तोंडावर हात धरून हसले. त्याला ऐकू गेलं असणार, कारण तोही हसला. रिकाम्या वर्गातून, न दिसणाऱ्या माणसाचं हसू. मला काटा आला, आणि गोडही वाटलं.

असे कितीतरी दिवस गेले. भिंतीला कान लावून मी त्याच्या आवाजातले चढउतार शिकले. बोलायच्या आधी तो श्वास घेतो तोसुद्धा. एकदा त्याने भिंतीवर तळवा ठेवला, तो कुठे ठेवलाय ते सांगितलं, आणि मी माझ्या बाजूने तिथे हात ठेवला. लाकूड थंडच होतं. पण माझा हात तिथून निघेना.

मग एका सकाळी फळ्यावर सरळ अक्षरं उमटली. आज तास होणार नाही. दुसऱ्या दिवशी घंटा वाजली. सरदारांची थोरली बहीण गेली होती. त्यात गूढ असं काहीच नव्हतं, केलेपीने मला कधीच सांगितलं होतं. घरातलं कुणी शेवटचं आजारी पडलं की श्वास असतानाच पवित्र हातांना बोलावून घेतात. ते येऊन गप्प बसतात आणि वाट बघतात. कारण कळलं होतं, तरी मी त्या सरळ अक्षरांकडे बघायचं टाळलं.

अक्षरं वाकडी झाली. मुलं येऊन परत जाऊ लागली. शेवटच्या वर्षाची तैआना, जिची जीभ चाकूसारखी होती, माझ्या दारात थांबून म्हणाली, “मिस, आम्ही कॉलेजात मोजणी शिकायला येत नाही. कोण मेलं ते बघायला येतो.” प्रिन्सिपल मोआला यांनी पिसिलाकरवी सांगून टाकलं की हे असंच चाललं तर पुढच्या वर्षी मोजणीचा वर्ग बंद. केलेपीने एक काय ते ठरवावं.

आणि मला त्याच्या आत्याचा निरोप आला. लोसालीन आत्या म्हणजे त्या घराचा शेवटचा शब्द. बहीण म्हणून भरवायला ये, असं तिने कळवलं होतं.

मी ताप आल्याचं कळवलं. पुन्हा एकदा त्याला भरवलं असतं तर मी खरोखरच त्याची बहीण झाले असते. मुदत संपताना हात धुतात, त्यालाही ये, असा दुसरा निरोप आला. त्याला मात्र नाही म्हणता येईना.

पहाटेचा उजेड अजून फुटला नव्हता. थडग्यांमागच्या झोपडीत मध्ये एक चटई पडद्यासारखी टांगलेली होती, कारण पलीकडे भाऊ होता आणि अलीकडे बहीण. आत्याने माझ्या हातात लाकडी वाडगं दिलं. चटईच्या चिरेतून दोन हात बाहेर आले.

नुसते हात. माणूस नाही.

मी ते उघडे कधी पाहिले नव्हते. लांब बोटं, नखांभोवती सुरकुतलेली पांढुरकी कातडी. इतके दिवस गुंडाळलेले असल्याने ते एखाद्या खोल पाण्यातल्या प्राण्यासारखे दिसत होते. मी वाडगं तिरकं केलं. आत्याने ते हात तेलाने धुतले, प्रत्येक बोट वेगळं. चंदनाचा वास झोपडीभर झाला. मग तिने तेच जुनं कापड पुन्हा हातांवर सैल गुंडाळलं. “हात मोकळे झाले,” ती म्हणाली. “कापड तेवढं सुरूच्या बनात नेऊन पुरायचं.”

कापडाची कड तेलाने ओली झाली. काळपट.

मी वाडगं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. आत्या माझ्याकडे बघत होती.

त्या दुपारी मी भिंतीशी गेले.

“केके खाल्लंत त्या सकाळी तुमच्या कापडाला ताजं तेल होतं,” मी म्हणाले.

त्याचा श्वास थांबला, तो मला ऐकू आला.

“तुमचे हात धुऊन झाले होते. तुम्ही कापड पुरायला चालला होता.”

“हो.”

“मग हाताने का नाही खाल्लंत?”

“तू समोर धरलास ना...” आवाज अगदी बारीक झाला होता. “मला वाटलं, एक घास. मग कापड काढेन आणि सांगेन. मग दुसरा घास... मग खिडक्या गप्प झाल्या.”

“तर मी पवित्र हातांना भरवलंच नाही. मी तुमची बहीण नाही! हे सांगायचं सोडून तुम्ही भिंतीशी बोलत बसलात?”

“ऐक. हात मोकळे असताना जो ते बांधलेले आहेत असं भासवतो, त्याला पुन्हा कधीच मृताला शिवता येत नाही. कधीच, आकेसा. मी सांगितलं की वडिलांचं काम माझ्या हातून गेलं.”

“आणि नाही सांगितलं तर मी गेले.”

पावसाचा आवाज. छपराचा आवाज.

“बघू,” तो म्हणाला. “मला थोडा... बघू.”

“बघा. सत्र संपलं की मी राजधानीच्या बोटीत बसणार आहे. परत यायलाच हवं असं काही माझ्यावर बंधन नाही.”

मी त्यानंतर भिंतीशी गेले नाही. तो फटीतून हाक मारायचा, मी नळ्या धूत बसायचे. ही माझी शिक्षा होती, आणि ती मलाच जास्त होत होती.

सत्राच्या शेवटच्या दिवसांत एका सकाळी मुलांचा पहिला घोळका वर्गात शिरला आणि तिथेच थबकला. मी माझ्या दारातून बघितलं. एरवी फळा वाचून वळणारी मुलं वळेनात.

‘आज तास होणार नाही.’

अक्षरं सरळ होती. एखाद्या आखलेल्या रेषेसारखी सरळ.

“कोण आजारी आहे?” तैआनाने विचारलं. तिच्या आवाजात चाकू नव्हता.

सरदारांच्या घरात कुणीच आजारी नव्हतं. सगळ्यांना ते माहीत होतं, आणि म्हणूनच कुणी हलत नव्हतं. बातमी आमच्या आधी धक्क्यावर पोचली. दुकानाचं दार अर्धं लागलं. बायका आपापल्या म्हाताऱ्यांना बघायला धावल्या. कुणी रेडिओ बंद केला, मग शेजारच्यानेही. सकाळच्या ऐन वेळी बेट असं गप्प झालं की किनाऱ्याबाहेरच्या खडकांवर फुटणारी लाट कॉलेजात ऐकू येऊ लागली. तैआना बाकावर बसली होती आणि आजीचं नाव घेऊन रडत होती.

मी फळ्यापाशी जाऊन खडू उचलला. दोन्ही बाजूंनी फिरवून बघितला. गुळगुळीत, कोरडा. दात नाहीत. हात मोकळे आहेत, एवढंच खडू सांगत होता. मग तास का नाही, हे तो सांगत नव्हता.

पिसिला दारात आली. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. “तुला लोसालीन आत्यांनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता.”

“कशाला?”

“मला कुणी सांगतं का? कमरेची चटई नीट बांध आणि जा बाई.”

थडग्यांवरून जाणाऱ्या वाटेने मी गेले. बारीक पाऊस होता. पांढऱ्या वाळूच्या ढिगाऱ्यांवर ठेवलेली प्लॅस्टिकची फुलं वाऱ्याने करकरत होती. वाटेवर कुणी नव्हतं, पण प्रत्येक घराच्या खिडकीतला पडदा मी पुढे गेल्यावर हलत होता.

आत्याच्या अंगणात केलेपी पावसात बसला होता. घराकडे पाठ. मांडीवर हात. उघडे. माझी पावलं ऐकून त्याने मान आणखीच खाली घातली, भावाने घालावी तशी.

आत आत्या चटई विणत होती. भिंतीशी तिचा म्हातारा भाऊ, केलेपीचे काका, टेकून बसले होते. त्यांच्या मांडीवर एक जुनी, गुंडाळलेली चटई होती. काका फिकट दिसत होते, पण जाणाऱ्या माणसासारखे नाही.

“बस,” आत्या म्हणाली.

मी बसले. “कोण जाणार आहे, आत्या? गावात सगळे घाबरलेत.”

“घाबरू देत. बघू या. कुणी जाणारच असेल तर ते या अंगणातूनच जाईल.” तिने एक पाती दातात धरून चिरली. “सकाळी उजाडताना आला. म्हणाला, बोलायचंय. तेव्हापासून पावसात बसलाय आणि बोलत नाहीये. तेवढ्यात याच्या काकांनीही विचारून घेतलं, चटई घेतोस का. त्यालाही उत्तर नाही. तू ती माती बघणारी ना?”

“हो.”

“त्या केकेच्या दिवशी काय बघितलंस?”

अंगणातली पाठ ताठ झाली.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य माझ्या जिभेवर इतके दिवस होतं की त्याला चव आली होती. पण मी बोलले असते तर त्याचं काम मी हिसकावून घेतलं असतं, आणि त्याने मला आयुष्यभर त्या वाक्यातूनच बघितलं असतं.

“जे बघितलं ते मला माहीत आहे,” मी म्हणाले. “पण सांगायचं माझं नाही.”

आत्याने हातातली पाती खाली ठेवली. पहिल्यांदाच ती माझ्याकडे बघून हसली.

“पोरी, ते तेल मीच लावलं होतं. मला ठाऊक नसेल? मी इतके दिवस वाट बघतेय. पण हातांचं खोटं ज्याचे हात त्यानेच बोलायचं असतं. मी बोलले तर ती चहाडी, तू बोललीस तर तो दावा.” मग ती दाराकडे तोंड करून एवढ्या मोठ्याने बोलली की समोरच्या घरांनीही ऐकावं. “केलेपी! सांगितलंस तर बापाचं काम सुटेल. गप्प राहिलास तर ही तुझी बहीण राहील. मला दोन्ही चालतं, मी म्हातारी आहे. तुला काय चालतं?”

“बघ...”

शब्द अर्धाच राहिला. तो त्याने गिळला, ते मला दिसलं.

काकांची बोटं गुंडाळलेल्या चटईवरून फिरत होती. तिच्या कडा पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेलाने काळ्या पडल्या होत्या. केलेपीने वळून त्या चटईकडे बघितलं. खूप वेळ बघितलं, जसं निरोप देताना बघतात. त्याच्या केसांतून पाणी ओघळत होतं. एक थेंब पापणीवर येऊन अडकला.

माझा हात रुमालाकडे गेला. मी तो मागे घेतला.

त्याने स्वतःचा हात उचलला. सावकाश, सगळ्यांना दिसेल असा. आणि थेंब पुसला.

मग तो उठला, दाराशी आला आणि उंबऱ्याच्या आत, मी बसले होते त्या खोलीत, माझ्याकडे सरळ बघत उभा राहिला.

“आत्या,” तो म्हणाला, “त्या सकाळी माझे हात मोकळे होते. तिने धरलं म्हणून मी खाल्लं, आणि पुन्हा खाईन. काकांची चटई माझ्या धाकट्या भावाला द्या. आकेसा माझी बहीण नाही, तिने हो म्हटलं तर मला तिच्याशी लग्न करायचंय... आणि कुणीतरी कॉलेजात जाऊन त्या मुलांना सांगा. उद्या तास होईल.”